बेअरिंग नवीन, आवाज जुनाच

मारुती 800 चा मागचा ॲक्सलही बदलावा लागू शकतो, हेच आमच्या गल्लीत कुणाला पटत नव्हतं. पुढची चाकं गाडी ओढतात, मागचा ॲक्सल नुसता भार वाहतो; त्यात झिजायला आहे काय, असा सगळ्यांचा सूर. गाडी 2006 ची. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतलेली, त्यामुळे मोडीत काढायचा विचार नव्हता.

चाळीसच्या पुढं मागून घूंऽऽ असा आवाज यायचा आणि वेग वाढेल तसा तोही चढायचा. टायर पुढचे मागे, मागचे पुढे करून पाहिले, फरक नाही. क्लच दाबला तरी तसाच. आंबा घाटात मात्र बाजू कळली. उजव्या वळणावर आवाज वाढायचा, डाव्या वळणावर जवळजवळ बंद. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकांवर येतो, म्हणजे मागचं डावं चाक.

गॅरेजमध्ये त्या बाजूची बेअरिंगं बदलली. काही महिने शांतता, मग पुन्हा तेच. माल डुप्लिकेट निघाला, असं सांगून त्यांनी आणखी महागाची घातली. तीही गेली. उजवीकडची कधीची जुनी बेअरिंगं निवांत चालतायत आणि डावीकडं एकही जोडी टिकत नाही, तर दोष बेअरिंगचा कसा असेल?

शेवटी कोल्हापुरातच, उद्यमनगरात एका वयस्कर मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी बेअरिंगचं नावही काढलं नाही. गाडी जॅकवर घेतली, चाक वर आणि खाली धरून हलवलं. टक टक. मग मला म्हणाले, "आत बसा आन् ब्रेक दाबून धरा." ब्रेक दाबल्यावर टकटक थांबली. "बुश गेलं असतं तर ब्रेक दाबूनबी हाललं असतं. ढिल आतच हाय, साहेब." बुश म्हणजे ॲक्सलच्या सांध्यातलं रबर.

ब्रेकचा ड्रम काढायला पुलर (ओढून काढायचं हत्यार) लागलाच नाही, हातानं ओढला तसा निघाला. हे लक्षण चांगलं नव्हतं. स्पिंडल, म्हणजे ॲक्सलच्या टोकाचा बेअरिंग बसतं तो दांडा, रॉकेलनं पुसल्यावर कारण समोरच दिसलं: खांद्याजवळ मूळचा करडा, मशिन केलेला पृष्ठभाग शाबूत, आणि बेअरिंग बसतं तिथं गुळगुळीत, निळसर-तपकिरी पट्टा. नख फिरवलं तर पट्ट्याच्या कडेला अडकत होतं. कोरं बेअरिंग सरकवून पाहिलं, ते डुगडुगत होतं. शेजारच्या लेथवाल्यानं मायक्रोमीटर लावला. चांगल्या जागेपेक्षा पाच शतांश मिलिमीटर कमी भरलं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण बेअरिंगच्या बैठकीला तेवढं फार झालं.

या गाडीत दोन्ही बेअरिंगं ड्रममध्ये बसतात, मध्ये स्पेसर, म्हणजे दोघांत अंतर राखणारी नळी असते. मधला नट नीट ताणला की आतल्या कड्या आणि स्पेसर स्पिंडलवर एकत्र आवळले जातात. नट अंदाजानं पिळला आणि कमी पडला, तर कडी स्पिंडलवर फिरायला लागते आणि त्याला खात राहते. नवं बेअरिंग घाला, तेही तेच करणार.

स्पिंडल वेल्डिंगनं भरून लेथवर उतरवायचा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. लेथवाल्यानंच नकार दिला. ब्रॅकेटं जोडलेला अख्खा ॲक्सल मशिनवर नीट फिरवता येणार नाही, आणि धग लागून स्पिंडल वाकला किंवा चिरला तर चाकच निसटायचं. मला त्याचं पटलं. भंगारवाल्याकडं जुना ॲक्सल मिळाला. घेताना कोरं बेअरिंग खिशात होतं. दोन्ही टोकांना सरकवून पाहिलं, हाताच्या दाबानं गेलं आणि जराही डुललं नाही. आटे आणि ब्रॅकेटांचे वेल्ड बघूनच पैसे दिले.

चढवण्याचं काम तसं सरळ, त्रास गंजाचा. ट्रेलिंग आर्मचे (ॲक्सल गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट बुशात धरून बसले होते, ग्राइंडरनं कापावे लागले. ब्रेक पाइपचा नट गोल झाला, तिथं पाइप नवाच घातला. बुशंही सगळी नवी. एक गोष्ट मात्र मिस्त्रींनी स्वतः उभं राहून करून घेतली: गाडी जॅकवर असताना बुशांचे बोल्ट नुसते हातानं लावले आणि चाकं जमिनीवर टेकून वजन आल्यावरच शेवटचे आवळले. हवेतच आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. स्पिंडलचे नट टॉर्क रेंचनं. मग ब्रेकची हवा काढली, हँडब्रेक जुळवला.

अलाइनमेंटवाला म्हणाला, मागं ॲडजस्ट करायला काहीच नसतं. तरी आकडे बघून घेतले. डावं-उजवं सारखं होतं. माझा काढलेला ॲक्सल मिस्त्रींनी ठेवून घेतला. उजवीकडचं टोक अजून चांगलं आहे, ते कापून कुणाच्या तरी ट्रॉलीला लावणार म्हणे.