ठाणं, तहसील आणि २४९ ग्रॅम

ड्रोन विकत घ्यायला दोन दिवस लागले, उडवायला शिकायला एक रविवार. आमच्याच वावरावर तो उडवू का, एवढं विचारण्यात मात्र सव्वा महिना गेला. राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलोय. तेव्हा सल्ले क्रमाने येतील अशी अपेक्षा ठेवू नका.

मुळात मला ड्रोनची हौस नव्हती. पुण्यापासून ७० किलोमीटरवर आमचं गाव. गावाला येणारा रस्ता रुंद होणार म्हणून कडेची झाडं मोजून गेले, त्यात आमची चिंचही आली. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, फोनवर सांगितलं, "ती पडायच्या आधी विहीर, घर आणि चिंच एका फोटोत घे." मी पाण्याच्या टाकीवर चढून मोबाईलने खटपट करून पाहिली. विहीर आली की चिंच नाही, चिंच आली की घर नाही.

मग पहिला मूर्खपणा केला. ३,२०० रुपयांचा ड्रोन मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरात '४के'. व्हिडिओ पाहिला तर घर, गोठा, सगळं पाण्याखाली असल्यासारखं लवलवत होतं, कारण कॅमेरा सरळ सांगाड्याला चिकटवलेला. त्यात जीपीएस नव्हतं, म्हणजे आपण कुठे आहोत हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नाही. वारा नेईल तिकडे तो जायचा. सातव्या मिनिटाला बॅटरी संपत आली आणि वाऱ्याने त्याला तात्यांच्या, म्हणजे चुलत्यांच्या, आडसाली उसात नेऊन टाकलं. उसात वस्तू शोधणं काय असतं ते ज्याचे हात पाचटाने चिरलेत त्यालाच कळेल. तो ड्रोन पुढे तोडणीच्या वेळी टोळीतल्या पोरांना सापडला, म्हणजे चार महिन्यांनी. त्यांनी त्याची पाती काढून भिंगरी केली होती. माझ्यापेक्षा बरा उपयोग केला.

तेव्हा पहिल्यांदा घेणाऱ्याने पैसे वाचवायचे असतील तर कॅमेऱ्याच्या आकड्यांवर वाचवावेत. जीपीएस हवंच. कॅमेरा तीन अक्षांच्या गिंबलवर हवा, म्हणजे ड्रोन हेलकावला तरी चित्र स्थिर राहतं. आणि वजन २५० ग्रॅमच्या आत. २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' वर्गात मोडतो आणि त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. त्यापुढे २ किलोपर्यंतचा 'मायक्रो'. तो स्वतःच्या हौसेसाठी उडवला तर प्रमाणपत्र नको, पण लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील तर हवं.

दुबईचा मेहुणा म्हणाला, "येताना प्रसिद्ध कंपनीचा आणतो की, तिकडे स्वस्त आहे." मी नको म्हटलं. ९ फेब्रुवारी २०२२पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुटे भाग आणता येतात, अख्खा ड्रोन नाही. विमानतळावर जो कस्टम्सचा फॉर्म भरतात त्यात ड्रोनची वेगळी ओळच आहे. पकडला गेला तर पैसे गेले, आणि सुटला तर आयुष्यभर बिल नसलेली वस्तू. शेवटी भारतात जोडलेला, २४९ ग्रॅमचा, एक जादा बॅटरी धरून ४१ हजारांना घेतला. घरी ३१ सांगितले. घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला होता: याची नोंदणी होऊन नंबर मिळेल का, ते लेखी देता का? नोंदणीची फी १०० रुपये. तोंडी 'हो हो होईल' म्हणणाऱ्या दोन दुकानांतून मी बाहेर पडलो होतो.

विश्रांतवाडीच्या गच्चीवर तो उडवता येणार नाही हे माहीत होतं. लोहगावची धावपट्टी इतकी जवळ की विमानाची चाकं मोजता येतात. ड्रोनसाठीच्या 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात आमची सोसायटी लालभडक. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही, पिवळा म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकांना विचारून, हिरवा म्हणजे ४०० फुटांपर्यंत कुणाच्याही परवानगीशिवाय. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हीच मोकळीक २०० फुटांवर थांबते. गावाचा ठिपका शोधला. हिरवागार! मला वाटलं, झालं काम.

शुक्रवारी रात्री गावी पोहोचलो. सकाळी ओट्यावर पेटी उघडली तेवढ्यात पोलीस पाटील आले. चहा घेतला, ड्रोन हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "छान आहे. पण आधी ठाण्यात सांगून ये." त्यांचं चुकलं असं आजही म्हणणार नाही. २०२४च्या पावसाळ्यात आमच्या पट्ट्यात रोज रात्री कुणाला ना कुणाला आकाशात ड्रोन दिसत होते. चोर टेहळणी करतात म्हणून गावंच्या गावं काठ्या घेऊन जागायची. त्यात किती खरं, किती विमानाचे दिवे, कुणास ठाऊक, पण ती धास्ती अजून आहे. "पोरं दगड मारतील, मग मला निस्तरावं लागेल," पाटील म्हणाले.

ठाण्याचं नाव लिहीत नाही. तालुक्याचंही नाही.

पहिला शनिवार. ठाणे अंमलदारांनी विचारलं, "ड्रोन? मोजणीचा का?" आमच्या गावठाणाची मोजणी स्वामित्व योजनेत झाली तेव्हा लोकांनी घराभोवती चुन्याच्या रेषा मारल्या होत्या आणि वरून सरकारी ड्रोन फिरला होता, त्यामुळे ड्रोन म्हणजे मोजणी हे त्यांच्या डोक्यात पक्कं. म्हटलं, "नाही साहेब, खाजगी." खाजगी म्हटल्याबरोबर त्यांनी पेन खाली ठेवलं. "अर्ज द्या." मी तिथेच बाकड्यावर बसून लिहिला: 'विषय: शेतजमिनीवर ड्रोन उडविण्यास परवानगी मिळणेबाबत.' हा 'परवानगी मिळणेबाबत' मला पुढे महिनाभर नडला. अर्ज घेतला, टेबलावरच्या काचेखाली सरकवला. "साहेब बंदोबस्ताला आहेत. पुढच्या आठवड्यात या." मी पोच मागितली नाही. का नाही मागितली? इतक्या छोट्या कामाला पोच काय मागायची, असं वाटलं. गाढवपणा.

मध्ये एक शनिवार पावसात गेला, म्हणून दुसरा शनिवार पंधरा दिवसांनी. अर्ज सापडेना. काचेखाली नव्हता, फायलीत नव्हता. अर्ध्या तासाने पासपोर्ट पडताळणीच्या गठ्ठ्यात मिळाला. त्यावर कुणीतरी तिरकस अक्षरात लिहिलेलं: 'तहसील'. बस्स, एवढंच. मी नियमांची प्रिंट पुढे केली, हिरवा नकाशा दाखवला. अंमलदारांनी नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. "हे तुमच्या मोबाईलमधलं झालं. आमच्याकडे तसं काही आलेलं नाही. तहसीलला जा."

शनिवारी तहसील बंद. सोमवारची रजा काढली. साहेबाला कारण 'घरगुती' सांगितलं. ड्रोनसाठी रजा, हे सांगायला तोंड नव्हतं. तहसीलमध्ये तीन टेबलं फिरलो. तिसऱ्या टेबलावरच्या अव्वल कारकूनबाई चांगल्या होत्या. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला, असं करणारं ते पहिलंच माणूस. मग म्हणाल्या, "आमच्याकडे ड्रोनचं टेबलच नाही हो. गौण खनिज आहे, रेशन आहे, दाखले आहेत. हे आवक करून घेतलं तर मी मार्क कुणाला करू?" मी निरुत्तर. "विमानाचं खातं केंद्राचं ना? तुम्ही जिल्ह्याला विचारा." जिल्ह्याला, म्हणजे कलेक्टर कचेरीत, पुण्यात. म्हणजे मी जिथून आलो तिथेच. तिथेही गेलो, जेवणाच्या सुट्टीतून धावत. शिपायाने आत जायच्या आधीच विचारलं, "काम काय?" सांगितलं. आतून निरोप आला: स्थानिक पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा.

त्या दिवशी मी ड्रोन विकायला काढला होता. जाहिरातही लिहिली, 'एकदाही न उडवलेला'. बायको म्हणाली, "मग उडवून बघितला तरी का नाहीस?" ती म्हणाली म्हणून पुढच्या रविवारी गावापासून लांब, दुसऱ्या हिरव्या पट्ट्यातल्या मित्राच्या पडीक माळावर जाऊन शिकलो. त्या मित्राच्या गावात पाटलांनी मान डोलावली आणि काम झालं. नियम तोच, आकाश तेच.

वाट दाखवली ती कुठल्याच साहेबाने नव्हे. पुढच्या सोमवारी अण्णांच्या दाखल्यासाठी पुन्हा तहसीलला गेलो होतो. बाहेर लिंबाखाली टायपिंगवाले बसतात. त्यांतल्या सगळ्यात म्हाताऱ्याला सहज गाऱ्हाणं सांगितलं. त्याने माझा जुना अर्ज पाहिला आणि हसला. "परवानगी मागितली की कुणाला तरी द्यावी लागते. देणाऱ्याची सही अडकते, साहेब. तुम्हाला परवानगी लागतच नाही ना? मग मागता कशाला? माहिती द्या. माहिती घ्यायला सही लागत नाही, शिक्का लागतो." ६० रुपयांत त्याने नवा अर्ज टाइप केला. विषय: 'स्वतःच्या शेतजमिनीवर छायाचित्रणासाठी ड्रोन उडविणार असलेबाबत, माहितीस्तव सादर.' सोबत तारीख, वेळ, गट नंबर, सात-बारा, ड्रोनचं बिल, नोंदणीचा नंबर, त्याच दिवशीच्या नकाशाची प्रिंट, आधारची झेरॉक्स. दोन प्रती. ही यादी जपून ठेवा, ४१ हजारांपेक्षा मला तीच महाग पडली.

तिसरा शनिवार. अर्ज थेट गोपनीय शाखेच्या हवालदारांकडे दिला. ठाण्यात अशी कामं तेच बघतात, हेही टायपिंगवाल्यानेच सांगितलं होतं. त्यांनी ड्रोन काढायला लावला, तळहातावर तोलला. "एवढासा? आणि आम्ही रात्र-रात्र याच्यामागे पळालो?" सीरियल नंबरचा फोटो काढला, किंमत विचारली, "तेवढ्यात म्हैस येते" म्हणाले आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारला. चार मिनिटं. आजवर पदवीचा कागदही मी इतका निरखून पाहिला नव्हता. "उडवायच्या आधी एक फोन टाका," एवढंच मागणं. ते अगदी योग्य होतं, कारण उडवताना त्यांना खरोखर गावातून दोन फोन आले.

नकाशा मात्र उडवायच्या दिवशी पुन्हा बघा. एखाद्या कारणाने पोलीस अधीक्षकांच्या दर्जाचा अधिकारी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल पट्टा जाहीर करू शकतो. आणि शिक्का आहे म्हणून गडावर जाऊ नका. रायगड, शिवनेरीसारखे पुरातत्त्व खात्याचे किल्ले हा वेगळाच मामला आहे, तिथे त्यांची परवानगी खरोखरच मागावी लागते.

उडवण्याबद्दल थोडं. चालू केल्यावर लगेच वर नेऊ नका. उपग्रह पुरेसे सापडून 'होम पॉइंट', म्हणजे परत येऊन उतरायची जागा, नोंदला गेल्याचं स्क्रीनवर येऊ द्या. मित्राच्या माळावर मी घाई केली होती, आणि परत ये म्हटल्यावर ड्रोन ४० फूट लांब बाभळीकडे उतरायला निघाला. परतीची उंची आसपासच्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षा जास्त ठेवा. स्वस्त ड्रोनला विजेच्या तारा दिसत नाहीत, आणि आपल्या शेतात तार नाही असा कोपरा सापडणं कठीण. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना वारा ढकलत आणतो. उलट केलं तर बॅटरी वाटेतच संपते. खोक्यावर ३० मिनिटं लिहिलेली, मला २१ मिळाली, आणि ३० टक्क्यांवर मी उतरवतोच. मातीत ठेवून उडवला की मोटरमध्ये धूळ जाते, म्हणून आईने सारवलेल्या अंगणात पोतं अंथरून दिलं. पाती दोन प्रकारची असतात, खुणा बघून बसवा. चुकीची बसवली तर जागेवरच उलटा होतो. विहिरीवर फार खाली नेऊ नका, हलत्या पाण्यावर खालचे सेन्सर गोंधळतात. घार आली तर सरळ वर न्या, तिला झटकन उभं चढणं जमत नाही. आणि बॅटरी पूर्ण भरून महिनाभर कपाटात ठेवू नका, फुगते, निम्म्यावर ठेवा. हे मला पहिली फुगल्यावर कळलं.

सकाळी पावणेसातला हवालदारांना फोन टाकला आणि वर नेला. १८० फुटांवर विहीर, घर, चिंच तिन्ही एका चौकटीत बसले. अंगणात कपाळावर हात धरून वर बघणारे अण्णाही आले. हात थरथरत होते, तरी नऊ फोटो घेतले. उतरवला तेव्हा आजूबाजूला वीसेक माणसं जमली होती, पाटील सगळ्यांच्या पुढे.

फोटो मोठा करून अण्णांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. चिंचेकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, मग बोट हळूहळू बांधावरून सरकवत तात्यांच्या उसापर्यंत नेलं आणि तिथेच थांबले. बांध वरून पाहिला तर मधोमध चक्क आत वाकलेला.

"कोरलाय," अण्णा म्हणाले. "तरी मी म्हणत होतो." आणि फोटो घडी घालून खिशात ठेवत, "मोजणीचा अर्ज कुठे करतात रे? तुला आता माहिती असेल सगळं."