रेडिंग ते ब्रिस्टल, राहत्या बोटीने: केन हिलला नाही, नदीला भ्या

इंग्लंडमधल्या रेडिंगचा फ्लॅट सोडून नॅरोबोटीवर, म्हणजे कॅनॉलवरच्या अरुंद लांबट बोटीवर, राहायचं आणि ती बोट चालवत ब्रिस्टलला न्यायची असं ठरलं, तेव्हापासून जो भेटेल तो आम्हाला केन हिलचीच भीती घालत होता. डिव्हायझेसजवळ एकामागून एक 29 लॉक (पाणी भरून-सोडून बोट चढवायच्या-उतरवायच्या दरवाज्यांच्या टाक्या), दोन मैलांत 237 फुटांचा उतार. बोट विकणाऱ्यानेही तेच सांगितलं आणि वर म्हणाला, "बाकी सगळा कॅनॉलच आहे, नांगर कशाला हवाय?"

हा सल्ला नुसता चुकीचा नाही, धोकादायक आहे. रेडिंग ते ब्रिस्टल या केनेट अँड एव्हन जलमार्गाचा 87 मैलांचा पट्टा फक्त मध्येच खराखुरा कॅनॉल आहे. रेडिंग ते न्यूबरी ही 1723 साली बोटींसाठी सुधारून घेतलेली केनेट नदी. बाथ ते ब्रिस्टल ही 1727 साली तशीच सुधारलेली एव्हन नदी. या दोन नद्या जोडणारा जॉन रेनीचा कॅनॉल 1810 मध्ये पूर्ण झाला. म्हणजे दोन्ही टोकांना वाहतं पाणी, आणि रेडिंगहून निघणाऱ्याची गाठ नदीशी आधी पडते.

वूलहॅम्प्टन हे नाव लिहून ठेवा. तिथे रस्त्याचा फिरता पूल आहे, पुलाच्या पलीकडे लगेच लॉक, आणि त्या दोघांच्या मधल्या एवढ्याशा जागेत केनेट नदीचा मूळ प्रवाह बाजूने येऊन आदळतो. आम्ही एप्रिलमध्ये गेलो, आदल्या आठवड्यात बराच पाऊस झाला होता. पुलाखालून बोटीचं नाक बाहेर पडलं आणि पाण्याने ते असं आडवं ढकललं की टिलर (सुकाणूचा दांडा) पूर्ण दाबूनही बोट सरळ होईना. सत्तावन्न फुटांचं, पंधरा-सोळा टनांचं लोखंड, त्यात आपलं सगळं घर, आणि समोर लॉकचं दगडी तोंड. नवरा काठावरून ओरडत होता, "हळू, हळू!" आणि हळू गेलं की काम बिघडतं. बोटीचा पाण्याखालचा पंखा पाणी मागे फेकतो तेव्हाच सुकाणूला जोर मिळतो. इंजिनाचा गॅस कमी केला की बोट तुमची राहत नाही, नदीची होते. मी गॅस वाढवला तेव्हा ती वळली. कडेचा रंग भिंतीवर राहिला, बाकी काही झालं नाही.

तुम्ही क्रम असा ठेवा. एकाने पुलाच्या अलीकडे उतरून आधी चालत लॉकवर जायचं, ते रिकामं करायचं, दरवाजे सताड उघडायचे. मग परत पुलाशी येऊन किल्ली लावायची. पूल पूर्ण फिरल्याशिवाय बोटीचा दोर सोडायचा नाही. निघालात की नाक नदीच्या तोंडाकडे थोडं रोखून धरा आणि ते दरवाज्यांच्या आत जाईपर्यंत गॅस सोडू नका, थांबायचं ते आत गेल्यावर रिव्हर्स मारून. रस्त्यावर खोळंबलेल्या गाड्या हॉर्न मारतील, शेजारच्या पबमधले लोक उभं राहून बघतील. त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. लॉकजवळच्या पातळीच्या फळीवर पाणी लाल पट्ट्यात असेल तर निघूच नका. आणि एकट्याने तर हा पट्टा करूच नका, कितीही हिंमत असली तरी.

नदीत बोट वाहून जाऊ नये म्हणून लागतो तो नांगर आम्ही त्यानंतर वाटेतल्या एका बोटयार्डात घेतला. दोर, साखळी, नांगर मिळून रेडिंगमध्ये विचारलेल्या भावाच्या जवळजवळ दुप्पट पैसे लावले, कारण गरज आहे हे त्यांना दिसत होतं. निघण्याआधीच घ्या, आणि नुसता घेऊन पेटीत टाकू नका. नदीवर असताना तो पुढच्या टोकाला साखळीसकट बांधलेला हवा.

न्यूबरीनंतरचे दिवस सोपे. क्रॉफ्टनचं वाफेचं पंपिंग स्टेशन, 502 यार्डांचा ब्रूस बोगदा, मग डिव्हायझेसपर्यंत पंधरा मैल एकही लॉक नाही. सुंदर आहे, पण त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. एकच लक्षात ठेवा, कुकरच्या दोन शिट्ट्यांत बोटीच्या सगळ्या खिडक्या घामेजतात. तरी छतावरचे झरोके बुजवू नका, आत शेगडी असते, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू ठेवा.

केन हिल? थकवतं, पण घाबरवत नाही. पाणी संथ आहे, जोडीला दुसरी बोट मिळाली तर दोघींना एकाच लॉकमध्ये घेता येतं, मदतीला स्वयंसेवक असतात. सकाळी लवकर जा, दुपारी उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत. इथे उतरताना सांभाळायचं ते एकच. वरच्या दरवाज्याखाली आत आलेला कठडा असतो, त्याला सिल म्हणतात. बोटीचं मागचं टोक त्यावर अडकलं तर पाणी उतरत जातं आणि बोट नाकावर कलंडते. भिंतीवर पांढरी खूण आहे, तिच्या पुढेच राहा. बाथचं खोल लॉक जवळपास साडेएकोणीस फुटांचं आहे, तिथे तर विशेष.

बाथला आलात की घाई आवरा. आम्ही एव्हनची पातळी उतरण्याची वाट पाहत थांबलो आणि तो निर्णय अगदी योग्य होता. हॅनमच्या लॉकखाली कॅनॉलचं लायसन्स संपतं, तिथून ब्रिस्टल हार्बरची हद्द. मोठ्या भरतीचं पाणी हार्बरच्या तोंडाशी असलेल्या नेथमच्या बंधाऱ्यावरून इथवर चढतं आणि अशा वेळी नेथम लॉक बंद असतं. मध्ये सुरक्षित बांधायला जागा मिळेलच असं नाही. म्हणून हॅनमलाच थांबून नेथमला फोन करा, वेळ पक्की करा, मगच दोर सोडा. हार्बरचे पैसे बोटीच्या लांबीवर लागतात.

आणि मग ब्रिस्टल! रेडिंगमध्ये माझ्या खिडकीतून पार्किंग दिसायचं. इथे 1809 साली भरती-ओहोटीपासून तोडून पातळी कायम ठेवलेलं शहराच्या मधोमध पाणी आहे. बाहेर एव्हनच्या मुखाशी भरती-ओहोटीत 12 मीटरांहून जास्त फरक पडू शकतो आणि आत चहाचा कप हलत नाही. टेकडीवर रंगीत घरं, धक्क्यावर जुन्या क्रेन, इंजिनिअर ब्रुनेलचं जुनं जहाज एसएस ग्रेट ब्रिटन. आर्नोस व्हेलला राजा राममोहन रॉय यांची छत्रीसारखी समाधी आहे, ती नक्की बघून या.

पण बोट विकत घेण्याआधी राहण्याच्या मुरिंगची (बोट कायम बांधून ठेवायच्या जागेची) खात्री लेखी करा. "ब्रिस्टलला गेलात की मिळेल" हेही आम्हाला त्याच विकणाऱ्याने सांगितलं होतं. मिळत नाही. प्रतीक्षा यादी असते, आणि पाहुण्या बोटीच्या जागेवर कायम राहू देत नाहीत. मुरिंग नसेल तर कॅनॉलवर परत जावं लागेल, आणि तिथे एका ठिकाणी साधारणपणे 14 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. नोकरी ब्रिस्टलमध्ये आणि मुलांची शाळा असेल तर हे गणित आधी मांडा. आमची यादीत नोंद झाली आहे. तोवर बाथ ते ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन असं सरकत राहणार आणि कामाला ट्रेनने जाणार.