शेवट आधीच कळला तर?

मी कॉलेजात मराठी शिकवते, एम.ए.च्या वर्गाला कथनमीमांसा, म्हणजे गोष्ट कशी सांगितली जाते याचा अभ्यास. त्यामुळे लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी विचारतंच, "मॅडम, शेवट आधीच कळला तर गोष्टीत उरतं काय?" वर्गातली पोरं तर 'स्पॉयलर' म्हटलं की कानांवर हात ठेवतात.

मला दर वेळी संजय आठवतो. आपल्या मनात त्याचं चित्र पक्कं आहे: महालात बसून दिव्यदृष्टीनं रण बघतोय आणि आंधळ्या राजाला क्रिकेटसारखं धावतं समालोचन ऐकवतोय. पण भीष्मपर्व उघडून बघा. दहा दिवसांची लढाई झाल्यावर संजय रणावरून येतो आणि पहिल्याच दमात सांगून टाकतो, 'हतो भीष्मः'. तुमचे पितामह शरतल्पावर, बाणांच्या अंथरुणावर पडलेत. फोडला शेवट! पुढे द्रोण, कर्ण, शल्य यांच्या वेळीही तो हेच करतो.

धृतराष्ट्र कोसळतो, सावरतो आणि विचारायला लागतो. पहिला शब्द 'कथम्'. कसे पडले? ('कथा' हा शब्दही याच 'कथम्'च्या घरातला मानतात. मला हे फार आवडतं.) या 'कसे'चं उत्तर सांगताना गीता येते. म्हणजे 'धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे' म्हणताना भीष्म पडल्याचं धृतराष्ट्राला ठाऊक आहे. म्हणून तर तो 'किमकुर्वत' म्हणतो: काय केलं? काय करताहेत, असं नाही.

हे लक्षात ठेवून दुसऱ्या अध्यायातला चौथा श्लोक वाचा. अर्जुन म्हणतो, 'कथं भीष्ममहं संख्ये'. पुन्हा 'कथम्'! पूजा करावी अशा भीष्मांशी, द्रोणांशी मी 'इषुभिः', बाणांनी, कसा लढू? अर्जुनाला पुढचं काही माहीत नाही. ऐकणाऱ्याला माहीत आहे की त्याच बाणांवर म्हातारा आत्ता आडवा आहे. क्रमानं सांगितलं असतं तर 'लढतो की नाही' एवढ्यावर आपण अडकलो असतो. आता लढणार हे नक्की, म्हणून त्याचा नकार ऐकवत नाही. श्लोकातला एक शब्दही बदललेला नाही, बदललीय ती त्याची जागा.

झेरार जेनेत या फ्रेंच अभ्यासकानं १९७२ साली हेच शिस्तीत मांडलं: घटना घडल्या त्यांचा क्रम वेगळा, सांगितल्या तो क्रम वेगळा. या दोन क्रमांचा सांधा जिथे जुळत नाही तिथे हात घालून बघायचं. बाकी त्याच्या परिभाषेचं जंगल परीक्षेपुरतं ठीक.

आमच्या आजीला जेनेत लागला नाही. गावच्या देवळात अभिमन्यूचं आख्यान चाललेलं, ती खांबाला टेकून वाती वळत होती. बुवांनी पोराला चक्रव्यूहाच्या तोंडाशी आणून उभं केलं आणि तिथेच थांबून पद धरलं. आजीची बोटं थांबली, कापूस चिमटीत तसाच. हे आख्यान तिनं वीसदा तरी ऐकलं असेल. तरी पुटपुटली, "जाऊ नको रे बाळा."

रहस्यकथेचं मात्र निराळं, तिथे वर्गातली पोरं बरोबर आहेत. मायर स्टर्नबर्ग हा कथनाचा आणखी एक अभ्यासक उत्कंठा आणि कुतूहल यांत फरक करतो. उत्कंठा पुढे काय होणार याची, कुतूहल मागे काय घडून गेलं याचं. खून कुणी केला हे मागचं कोडं, ते फुटलं की पुढची पानं नुसती हजेरी. एकदा वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात बाराव्या पानावर, एका पात्राच्या नावापुढे कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं: 'हाच'. एवढी कथनमीमांसा शिकवणारी मी, दुसऱ्या दिवशी पुस्तक परत करून आले.