आंबेनळी घाटात मागचा ब्रेक का तापत होता: पुढचं अपडेट

तर मंडळी, मागच्या ब्रेकचा निकाल लागला, निदान बराचसा. ज्यांना आधीचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, सेकंडहँड घेतलेली ३५० सीसी गाडी, दोन्हीकडे डिस्क, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना वाडा कुंभरोशीला चहाला थांबलो आणि निघताना बघतो तर मागचं पेडल थेट तळाला, प्रेशरच नाही. गार झाल्यावर पेडल आपोआप परत आलं. बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की पॅड संपले असणार. पण पॅड तापून फेड होतात, म्हणजे त्यांची पकड जाते, तेव्हा पेडल कडकच लागतं, फक्त गाडी थांबत नाही आणि जळका वास सुटतो. पेडल मऊ पडून खाली जातं म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं, आत वाफ झाली, आणि ऑइल दाबलं जात नसलं तरी वाफ मस्त दाबली जाते, त्यामुळे पायाचा सगळा जोर तिथेच संपतो.

उतरताना ठीक आणि थांबल्यावर गेलं, हे विचित्र वाटतं ना? चालत्या गाडीत डिस्कला, कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) वारा लागत असतो. थांबलात की वारा बंद, आणि पॅड-डिस्कमधली उष्णता पॅड ढकलणाऱ्या पिस्टनमधून ऑइलकडे सरकते. टेम्परेचर गन लावून बघितलं, थांबल्यावर डिस्क भराभर उतरते पण कॅलिपर काही मिनिटं चढतच राहतो. (चकचकीत डिस्कवर गन कमी आकडा दाखवते हं, काळ्या रंगाच्या कॅलिपरवरच मोजा.)

मग ऑइल. डबीत बघितलं तर काळपट चहा, आधीच्या मालकाने कधी बदललं होतं देव जाणे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी वाढलं की उकळायचा पॉइंट खाली येतो. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची ग्रेड. डॉट ४ चं स्टँडर्ड बघा, नवं ऑइल किमान २३० डिग्री, पण ३.७ टक्के पाणी मुरलेलं असेल तर किमान १५५. डॉट ५.१ चं तेच २६० आणि १८०. आणि कोकणासारख्या दमट हवेत गाडी राहणार असेल तर एरवी सांगतात ती दोन वर्षांची वाट कशाला बघायची, मी तर दर पावसाळ्यानंतर बदलणार. नुसत्या डॉट ५ च्या नादाला लागू नका, ते सिलिकॉनवालं, यात मिसळत नाही.

पण ऑइल बदलून एअर काढल्यावर पेडल झकास झालं तरी कॅलिपर तापायचा तेवढाच तापत होता, म्हणजे दुखणं वेगळंच. सेंटर स्टँडवर लावून चाक हाताने फिरवलं तर लगेच थांबतंय. कॅलिपर खोलला, तो ज्यांच्यावर सरकतो त्या स्लाइड पिन कोरड्या ठाक, एक तर हाताने हलेना. म्हणजे पाय काढला तरी पॅड डिस्कला चिकटूनच, अख्खा घाट अर्धवट ब्रेक लावलेला! पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं (साधं ग्रीस नको, रबर फुगतं), पिस्टनभोवतीची घाण काढली, आता चाक मोकळं फिरतं. परत तोच उतार, कुंभरोशीला तिथेच मोजलं, आधी शंभरीच्या पुढे जाणारा कॅलिपर सत्तरच्या आत. खर्च ग्रीसच्या पुडीचा. एक जण सारखा ब्रेडेड होज (स्टीलच्या जाळीची ब्रेक नळी) टाक म्हणत होता, त्याने पेडलचा फील सुधारेल, उष्णता एक डिग्रीने कमी होणार नाही.

उष्णता येते कुठून तेही जरा बघा. महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीसेक किमीत ढोबळ १२०० मीटर खाली येतो आपण. गाडी, मी, सामान मिळून २७० किलो धरले तर सुमारे ३२ लाख ज्यूल, एवढ्यात दहा लिटर पाणी उकळीला येतं. थोडं वारा खातो, थोडं टायर, उरलेलं एकतर इंजिन खाणार नाहीतर ब्रेक. म्हणून ज्या गिअरने चढतो त्याच गिअरने उतरायचं हे जुने ड्रायव्हर सांगतात ते शंभर टक्के खरं. आणि न्यूट्रल मारून पेट्रोल वाचवणारे जे आहेत ना, त्यांच्यासाठी खास, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बंद ठेवून गिअरमध्ये उतरलात तर बहुतेक वेळ इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो, उलट न्यूट्रलला आयडलिंगचं पेट्रोल जळत राहतं. वाचत काहीच नाही, वर ब्रेक जातो.

स्कूटरवाल्यांचं मात्र वाईट वाटतं. स्पीड कमी झाला की क्लच सुटतो आणि इंजिन ब्रेकिंग जवळपास शून्य, पसरणी घाटात डबल सीट उतरताना सगळा भार ड्रम ब्रेकच्या लायनरवर. ड्रम तापला की फुगतो, आतले लायनरवाले शू त्याच्यापासून लांब जातात, लीव्हर हँडलला टेकायला लागतो. त्यांनी मध्ये थांबून गार होऊ द्यावं, पण बाटलीतलं पाणी मारू नये, गरम ड्रम किंवा डिस्क वाकायची भीती.

पुढची टेस्ट कुंभार्ली घाटात, मागे पिलियन आणि दोन्ही बॅगा भरून. पुढे सिंटर्ड (धातूची पूड दाबून केलेले) पॅड टाकायचा विचार आहे, पण ते डिस्क जास्त खातात म्हणे, आणि माझ्या डिस्कवर झिजून आधीच कडेला ओठ आलाय. कोणी याच साइजच्या डिस्कवर वापरले असतील तर जाडी किती उतरली तेवढं मोजून सांगा.