तुम्ही विचारलंत म्हणून: नर्सिंगला पोरगी रुळेल का?

ॲडमिशन सुरू झाली की गावाकडच्या मावश्या, काकू, त्यांच्या शेजारणी, सगळ्यांचा एकच फोन, "अगं आमच्या पोरीला जमेल का? रक्त बघून चक्कर आली तर?"

रक्ताचं सोडा हो, पहिल्या सेमिस्टरला ते फारसं दिसतही नाही. मला आधी नडली ती सकाळ. मी जुन्नरकडची, हॉस्टेल मिळालं नाही म्हणून ऐरोलीत मामाकडे आणि कॉलेज नेरूळला, त्यामुळे कडक इस्त्रीचा युनिफॉर्म लोकलमध्ये चुरगळून बोळा व्हायचा आणि मॅडम दारातच अंबाडा नि नखं बघायला उभ्या. अभ्यासाचं म्हणाल तर बीएस्सीची 4 वर्षं म्हणजे आता 8 सेमिस्टर, त्यात ॲनाटॉमी आणि फिजिओलॉजी दोन्ही पहिल्याच सेमला. रडारड होते, पण चौघी मिळून बसलं की निघतं ते.

खरं अवघड होतं अनोळखी माणसाला हात लावणं. लॅबमधल्या पुतळ्याला काय, तो बघत नाही ना तुमच्याकडे! वॉर्डातले पहिले पेशंट म्हणजे एक आजोबा, मी तीनदा सॉरी म्हणून त्यांचं मनगट धरलं, घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत पूर्ण मिनिटभर नाडी मोजली आणि चार्टवर लिहिलं 112. सिस्टरनी परत मोजली तर 76. म्हणाल्या, "अंगठा लावला होतास का? मग ही तुझीच असेल." अंगठ्याला स्वतःचे ठोके जाणवतात, म्हणून बोटं लावायची, हे मला पाठ होतं (व्हायवात सांगितलंही होतं), पण घाबरल्यावर हात आपला आपणच पकडतो. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि आजोबांनी हसत दुसरा हात पुढे केला, "घे, आता याची मोज, मला कुठं जायचंय."

त्यानंतर रोज त्यांचीच मोजायचे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सॉरी बंद झालं, तेवढे दिवस धरा.

आणि काकू, पोरीला ते स्मार्टवॉच नका घेऊन देऊ, साधं सेकंदकाट्याचं घड्याळ बघा.