नव्वद दिवसांचा दाखला

आमचे बाबा गिलाव्याचं काम करतात. जालन्याहून कोपरखैरण्यात आल्यापासून रोज सकाळी नाक्यावर उभं राहायचं आणि मुकादम नेईल तिकडे जायचं, आज घणसोली तर उद्या उलवे. बांधकाम कामगार मंडळात नोंदणी असली तर अकरावी-बारावीच्या मुलांना वर्षाला 10,000 रुपये मिळतात. भावाचं अकरावीचं ॲडमिशन झालं आणि मी बाबांच्या मागेच लागले. ऑनलाइन फॉर्म, आधार, पासबुक, फोटो, सगळं एका संध्याकाळी उरकलं.

गाडी अडली ती दाखल्यावर. गेल्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामावर काम केलं, असं कुणीतरी लिहून द्यायचं. 1996 च्या कायद्यापासूनचीच अट आहे. मुकादम एरवी अडीनडीला उचल देणारा माणूस, पण कागद बघताच म्हणाला, "भाऊ, सही केली की तुम्ही माझे कामगार ठरता. उद्या पीएफ, किमान वेतन, सगळं माझ्या गळ्यात." बिल्डरच्या साइटवर सांगितलं, हा माणूस आमच्या हजेरीवरच नाही. त्याच इमारतीच्या खर्चावर कामगारांसाठी 1 टक्का उपकर भरला जातो, आणि तिचा गिलावा करणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही! माझा संताप अजून गेलेला नाही.

दाखला महापालिकेकडूनही मिळतो. पण तिथला कारकून दर वेळी म्हणे, "आधी ठेकेदाराचं पत्र आणा." ठेकेदार देत नाही म्हणूनच तर आम्ही तुमच्या दारात आलो ना? बाहेर एजंट पैसे घेऊन तयार दाखला द्यायला बसलेलेच असतात. तो अजिबात घेऊ नका, खोटा निघाला तर नोंदणी रद्द होते.

शेवटी नाक्यावरचे बाकीचे कामगार आणि संघटनेच्या एक ताई सोबत आल्या. ताईंनी अर्ज आवक करून घेतला आणि सरळ सांगितलं, "नाही म्हणायचं असेल तर लेखी द्या." मग आत साहेबांपुढे नेलं. आई कालनिर्णयावर बाबांची हजेरी लिहिते: कामाच्या दिवशी फुली, अर्ध्या दिवसाला 'अ', पुढे साइटचं नाव. साहेबांनी ती पानं उलटली, मोबाईलमधले साइटवरचे फोटो तारखेसकट पाहिले आणि सही केली. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या कामाचा सरकारी कागद हातात धरला. मला फार अभिमान वाटला.

दाखल्यावर जावक क्रमांक आणि तारीख आहे ना, हे तिथेच उभं राहून बघा. आणि हजेरी लिहिणं थांबवू नका. दर वर्षी नूतनीकरणाला 90 दिवसांचा दाखला पुन्हा नवा लागतो.