चौऱ्याण्णव

स्पीड टेस्ट लावली की आकडा यायचा ९४. सकाळी ९४, रात्री अकराला ९४, रविवारी दुपारी सगळं गाव झोपलेलं असतानाही ९४. इंटरनेटचं कनेक्शन २०० एमबीपीएसचं. आकडा साठ-सत्तरमध्ये नाचत असता तर मी पावसाला आणि शेजारच्या पोरांच्या गेमांना शिव्या घालून मोकळी झाले असते. हा मात्र मुदत ठेवीसारखा जागचा हलत नव्हता. तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. दोन महिने गेले.

आधी घराबद्दल सांगते, नाहीतर केबल कशाला ओढली ते कळणार नाही. देवरुखपासून थोडं आत आमचं चिऱ्याचं घर आहे, भिंती दीड फुटाच्या. जांभा कोरडा आहे तोवर वायफाय कसंबसं चालतं, पण मृग लागला की चिरा पाणी पितो आणि भिंत म्हणजे उभी विहीरच होते. फायबर येतं ओटीवर, माझं टेबल मागच्या खोलीत, मध्ये तीन भिंती. वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झ माजघरातच गुडघे टेकतं, २.४ लंगडत माझ्यापर्यंत येतं. मी पुण्याच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिससाठी घरून ड्रॉइंगं करते. दिवसाला दोन-चारदा जाडजूड फायली वर-खाली होतात. लंगडणारं वायफाय मला चालण्यासारखं नाही.

म्हणून फेब्रुवारीत माळ्यावरून लॅन केबल टाकली, ओटी ते मागची खोली, २८ मीटर. त्याच खोक्यातली ६० मीटर फाटकापर्यंत नेली, कारण नवऱ्याला तिथे कॅमेरा हवा होता. कॅमेऱ्याला वीजही त्याच केबलमधून, म्हणजे पीओई. केबल कोणी आणली यावर आमच्या घरात अजून एकमत नाही, त्यामुळे तो विषय सोडते. स्वस्तात मिळाली होती एवढं खरं.

९४ दिसल्यावर अर्थातच पहिला संशय कंपनीवर. फोन केला, 'मॅडम, राउटर बंद करून चालू करा.' केला. परत फोन केला, परत तेच. तिसऱ्या वेळी मुलगा आला, राउटरशेजारी उभं राहून स्वतःच्या मोबाइलवर टेस्ट लावली, २०० च्या वर आकडा दाखवला आणि म्हणाला, 'इथपर्यंत आमचं, पुढचं तुमचं.' मला राग आला. पण त्याचं बरोबर होतं, हे आता मान्य करायला हरकत नाही.

मग मी जे जे बदलता येईल ते बदललं. लॅपटॉप, स्विचचं (लॅन केबली एकमेकींना जोडायचा डबा) पोर्ट, शेवटची छोटी केबल, लॅपटॉपमधला नेटवर्कचा ड्रायव्हर. एकदा तर अख्खा स्विच बदलला. शेवटी एका रात्री विंडोजमध्ये जोडणीची माहिती उघडली, तिथे सरळ लिहिलं होतं: लिंक स्पीड १००/१००. हे पहिल्या दिवशी पाहायचं असतं.

९४ हा आकडा १०० च्या जोडणीचा हस्ताक्षरासारखा पुरावा आहे. आंब्याची पेटी घ्या. पेटीचं वजन म्हणजे आंब्यांचं वजन नव्हे, त्यात फळकुटं आहेत, पेंढा आहे. इथरनेटवर, म्हणजे लॅन केबलवरच्या वाहतुकीत, तसंच. डेटा पुडकी बांधून जातो, आणि एका पुडक्यात आपला माल असतो १४६० बाइट. त्यावर पत्ते आणि पोचपावतीचं सामान चढतं, पुढेमागे दोन पुडक्यांमधली सक्तीची मोकळी जागा धरावी लागते, आणि तारेवर एकूण १५३८ बाइटांची जागा खर्ची पडते. १४६० भागिले १५३८ म्हणजे ०.९४९. शंभराच्या जोडणीवर कितीही नवस केलेत तरी ९५ पार होत नाही. २०० च्या कनेक्शनवर ठाम ९४ येत असेल तर कंपनीला फोन करण्याआधी मधली कुठली तरी जोडणी शंभरावर उतरलीय का ते बघा.

ती का उतरते? लॅन केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या. शंभराचा वेग दोन जोड्यांवर चालतो, १-२ आणि ३-६. गिगाबिटला, म्हणजे हजाराच्या वेगाला, चारही लागतात. एक जोडी मेली की दोन्ही टोकांच्या चिपा आधी गिगाबिटचा प्रयत्न करतात, जमत नाही म्हटल्यावर बऱ्याचशा मुकाट्याने शंभरावर येतात. कुठे तक्रार नाही, कुठे लाल दिवा नाही. माझ्या स्विचवर फक्त हिरव्याच्या जागी पिवळा दिवा लागत होता, आणि मला तो रंग शोभेचा वाटत होता.

लॅन केबलचा टेस्टर मागवला, तारेमागे एक असा आठ दिव्यांचा, साधाच. एक टोक ओटीवर भावजींच्या हातात, दुसरं माझ्याकडे. मी ओरडून विचारतेय, ते ओरडून सांगतायत, 'एक... दोन... तीन... चार... पाच... सहा... आठ!' सात गायब. सात म्हणजे पांढरी-तपकिरी. केबलच्या टोकाचा कनेक्टर कापला, तारा परत ओळीत लावल्या (पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी, ही ओळ मला आता रामरक्षेसारखी येते), नवा कनेक्टर दाबून बसवला, म्हणजे क्रिंप केलं. टेस्ट लावली, २०६. आईंना पेढा दिला. त्यांनी कशाबद्दल ते न विचारता खाल्ला.

नऊ दिवसांनी परत ९४.

दरम्यान फाटकावरच्या कॅमेऱ्याचं वेगळंच चाललं होतं. दिवसभर छान. दिवेलागण झाली की बंद, मग चालू, मग बंद, पहाटेपर्यंत असंच. रेकॉर्डिंग म्हणजे दोन-दोन मिनिटांचे तुकडे. आई म्हणाल्या, 'तो अंधाराला घाबरतो गं.' आम्ही हसलो. पण निदान जवळपास अचूक होतं! अंधार झाला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला दिवसापेक्षा जास्त वीज लागते. ती केबलमधून नीट पोचत नसेल तर पलीकडच्या टोकाला व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा मान टाकतो. परत उठतो, अजून अंधारच, परत दिवे, परत मान टाकतो. मी मात्र ॲडॉप्टरवर संशय घेऊन बसले होते. हे दोन आजार एकाच घरचे असतील हे डोक्यात आलं नाही.

उलगडा केला भंगारवाल्याने. जुनी पातेली, मोडका पंखा आणि केबलचे उरलेले तुकडे मी त्याच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, यात तांबं आहे, नीट भाव लावा. त्याने एक तार सोलली, पात्याने दोनदा खरवडली आणि माझ्यापुढे धरली. 'ताई, तांबं नाही हे. आतून पांढरं.'

मी तार हातात घेतली. केसाएवढी लाल साल आणि आत चकचकीत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. आपल्याकडे पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात, हा उलटा धंदा होता, हलक्या धातूला तांब्याची कल्हई. तीच तार मी बोटांनी चार वेळा मागेपुढे वाकवली. पाचव्या वेळी मोडली, शेवग्याच्या फांदीसारखी. माळ्यावरून खोकं खाली काढलं. समोर मोठ्या अक्षरांत 'कॅट ६', म्हणजे कॅटेगरी ६, लॅन केबलची एक प्रत. तळाला, बारकोडच्या शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत 'सीसीए'. म्हणजे कॉपर क्लॅड अ‍ॅल्युमिनियम, तांब्याचा मुलामा दिलेलं. कॅटेगरी ६ च्या मानकात वाहक तांब्याचाच लागतो, त्यामुळे ही केबल कॅट ६ नव्हेच, खोक्यावर काहीही छापा.

मग सगळं जुळलं. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहून नेतं. २८ मीटरच्या डेटाला त्याने एरवी फारसं बिघडलं नसतं. पण ६० मीटरवरून वीज न्यायची तर वाटेतच गळती. आणि माझी सातवी तार? कनेक्टरचे दात तारेत रुततात, तिथे मुलामा फाटतो, आमच्या दमट हवेत उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो आणि जोड तुटतो. शिवाय माझ्या टेबलामागे केबल वाकून भिंतीला टेकली होती, आणि झाडू मारताना रोज थोडी हलायची. नऊ दिवस टिकली हेच नवल.

पुण्याला कामासाठी गेले तेव्हा तापकीर गल्लीतून शुद्ध तांब्याची केबल आणली. दुकानदाराला आधी म्हटलं, टोक सोलून दाखवा. त्याला अजिबात राग आला नाही, उलट पात्याने खरवडूनच दिली. दुप्पट पैसे गेले. खोकं एसटीत चढवताना हात भरून आले, आणि पहिलं खोकं मी एका हाताने उचलून आणलं होतं ते आठवलं. (बघा, कोणी आणली ते निघालंच तोंडून.)

नवी केबल ओढायला जुनीच कामी आली. जुनीच्या टोकाला नवी चिकटपट्टीने बांधली, भावजी माळ्यावर पोटावर सरपटत होते, मी मागच्या खोलीतून ओढत होते. मध्येच वाश्यावर अडकली तेव्हा वरून एक शब्द आला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. फाटकाच्या लांबीला काळी, बाहेरच्या वापराची केबल घातली. खरं तर आमच्याकडे वळवाच्या विजा पाहता तिथे फायबरच न्यायला हवं, तांब्याची एवढी लांब तार उघड्यावर म्हणजे विजेला आमंत्रण. पण मग कॅमेऱ्याला वीज वेगळी न्यावी लागते, आणि तेवढा उत्साह यंदा नव्हता. ढग गडगडले की मी फाटकाची केबल स्विचमधून उपसून ठेवते. आता ते दोरीवरचे कपडे काढण्याइतकं सवयीचं झालंय.

दीड महिना झाला, दिवा हिरवा आहे. कॅमेरा रात्रभर जागा असतो, पहाटे तीनला फाटकावर कोल्हा येतो हे त्यामुळे कळलं.

जुनी केबल भंगारवाल्याने नको म्हटली. आईंनी तिचे तुकडे केले आणि परसात पडवळाचा मांडव बांधला. त्या म्हणतात, सुंभापेक्षा बरी, पावसात कुजत नाही.